रेडिएटरमध्ये हळद घालू नये: जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

मार्च लागला की आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतील वर्कशॉपमध्ये एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर यांसारख्या गाड्या दुसऱ्या गाडीला दोर बांधून येऊ लागतात. हकीकत बहुधा एकच असते. चोर्ल्याच्या घाटात तापमानाचा काटा वर चढला, पाणी उकळले, रेडिएटर गळू लागला आणि वाटेतल्या मेकॅनिकने मूठभर हळद टाकून, वर बोअरचे पाणी भरून गाडी मार्गी लावली.

हळदीने गळती थांबते, हे आम्ही नाकारत नाही. पूड भिजून फुगते आणि भेगेत बसते. मात्र भेग कोणती आणि पाण्याची नळी कोणती, हे हळदीला कळत नाही. या गाड्यांच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरमधील नळ्या चपट्या व अरुंद असतात; त्यांत आधीच बोअरच्या पाण्याचा क्षार साचलेला असतो, आणि हळद त्याच क्षाराला धरून बसते. गळती थांबल्याने मालक निश्चिंत होतो, पण पुढच्या घाटात गाडी पूर्वीपेक्षा लवकर तापते. सांगलीची हळद आमटीतच शोभते.

अशी गाडी आली की आम्हाला रेडिएटर उतरवून, वरच्या टाकीची झाळ सोडवून प्रत्येक नळीत पट्टी फिरवावी लागते. त्यानंतर इंजिनच्या ब्लॉकचा निचऱ्याचा बूच काढून मागच्या सिलिंडरभोवती बसलेला गाळ धुवावा लागतो, कारण गाळ तिथेच अधिक साचतो. हे काम एका दिवसात होत नाही. ‘नुसता थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाका’ असा आग्रह काही ग्राहक धरतात, पण आम्ही तो मानत नाही. थर्मोस्टॅट काढल्याने तुंबलेली नळी मोकळी होत नाही, आणि डिसेंबरच्या सकाळी इंजिन योग्य तापमानाला येण्यास फार वेळ लागून त्याची झीज मात्र वाढते. शिवाय जग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनासारख्या काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो काढला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो.

रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी पाहत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना उकळते. झाकणाने 10 पौंडांचा दाब धरला, तर तीच मर्यादा 110 अंशांच्या पुढे जाते. झाकणाचे रबर कडक झाले की हा सारा फायदा जातो, म्हणून नव्या रेडिएटरचा खर्च सुचवण्यापूर्वी आम्ही झाकण दाबयंत्रावर तपासतो. घाटात काटा 95 वर गेला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आजच्या गाड्यांचा काटा बराच काळ एकाच जागी राहतो, जुना काटा खरे ते दाखवतो.

काटा त्याहून वर चढतच राहिला तर हीटर पूर्ण चालू करावा. पायांना त्रास होईल, पण तो एक छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरला नाही तर सावलीत थांबावे, झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण त्याने सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

गाळपाच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडे उसाच्या गाड्यांमागून प्रवास केल्यास रेडिएटरच्या जाळीत पाचट व धूळ अडकते. ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवावी. भरण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि तांब्या-पितळेला चालणारे कूलंट निम्मे-निम्मे वापरावे. कूलंट रंगावरून निवडू नये, डब्यावरील मजकूर वाचावा. दोन्ही आमच्याकडे मिळतात.

होळीपूर्वी केलेल्या तपासणीत झाकण, पंख्याचा पट्टा, होज पाइप, इग्निशनचे टायमिंग आणि रेडिएटरचा दाब पाहिला जातो. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी, कारण आम्ही थंड इंजिनावरच काम सुरू करतो. वाटेत हळद घातली गेली असल्यास तसे आधीच सांगावे. झाकण उघडताच ती आम्हाला दिसतेच.