संबंधित टेबले व त्यांचे फॉर्म (वेब फ्रेमवर्क)

माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत मांडणे आणि ती भरून घेण्यासाठी त्याच टेबलांवरून फॉर्म उभे करणे, हे वेब फ्रेमवर्कमधले, म्हणजे वेबसाइट बांधण्याच्या तयार सांगाड्यातले, रोजचे काम. याचा पाया म्हणजे आयबीएममध्ये असताना ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेले रिलेशनल मॉडेल. रुबी ऑन रेल्स (२००४) आणि जँगो (२००५) या फ्रेमवर्कांत टेबलासाठी लिहिलेल्या कोडला 'मॉडेल' म्हणतात. पुढचे तपशील जँगोचे आहेत.

नाशिक जिल्ह्यातली द्राक्षबाग घेऊ. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराचे बरेचदा दोन-चार प्लॉट असतात. विहिरीजवळ थॉमसन, ओढ्यापलीकडे शरद सीडलेस अशी वाणे, आणि दोन्हींची गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) वेगवेगळ्या तारखांना. रजिस्टरात 'प्लॉट १, प्लॉट २, प्लॉट ३' असे रकाने आखलेले असतात, चौथा प्लॉट मग समासात जातो. डेटाबेसला समास नसतो. म्हणून शेतकऱ्याचे टेबल वेगळे, प्लॉटचे वेगळे, आणि प्लॉटच्या प्रत्येक ओळीत शेतकऱ्याचा क्रमांक. हीच फॉरेन की. ती 'अनेक' असलेल्या बाजूलाच ठेवायची. नवशिके नेमके उलटे करतात.

गट नंबरालाच प्लॉटची ओळख करायचा मोह होतो. तो टाळावा. तोच नंबर शेजारच्या गावातही असतो, एका गटात दोन प्लॉट असू शकतात, आणि वाटण्या झाल्या की पोटहिस्से पडतात.

फवारणीचे नाते दुहेरी आहे: एका प्लॉटवर अनेक औषधे, एक औषध अनेक प्लॉटवर. पण तारीख आणि मात्रा ठेवायची कुठे? ती ना प्लॉटची, ना औषधाची; ती त्या फवारणीची. त्यासाठी मधले तिसरे टेबल लागते. निर्यातीच्या मालात शेवटची फवारणी आणि काढणी यांतले दिवस मोजावे लागतात, तेव्हा याच टेबलातली तारीख कामी येते.

भरणाऱ्याला मात्र एकच फॉर्म दिसला पाहिजे: वर शेतकरी, खाली त्याचे प्लॉट. याला इनलाइन फॉर्मसेट म्हणतात. तो आपणहून तीन कोऱ्या ओळी देतो आणि किती ओळी आहेत हे 'टोटल फॉर्म्स' नावाच्या लपलेल्या रकान्यात लिहून ठेवतो. 'प्लॉट वाढवा' असे बटण जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने) बसवले आणि हा आकडा वाढवायचा राहिला, तर पडद्यावर चौथा प्लॉट भरता येतो, 'सेव्ह' होते, चूक कुठेच दिसत नाही. आणि चौथा प्लॉट डेटाबेसात नसतो. समासातला निदान वाचता तरी येत होता!

सेव्ह करताना आधी दोन्ही भाग तपासायचे, मग शेतकरी, मग प्लॉट. कारण शेतकऱ्याला क्रमांक मिळाल्याशिवाय प्लॉटच्या ओळीत लिहिणार काय? हे सगळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असावे, म्हणजे मध्येच काही बिघडले तर अर्धवट नोंद राहत नाही.

मूळ ओळ पुसली तर जोडलेल्या ओळींचे काय, हे जँगो २.० (२०१७) पासून स्पष्ट लिहावेच लागते. 'कॅस्केड' लिहिले तर शेतकऱ्याबरोबर प्लॉट जातात, आणि पुढेही कॅस्केडच असेल तर फवारण्याही. 'प्रोटेक्ट'मध्ये प्लॉट असेपर्यंत शेतकरी पुसताच येत नाही. बाग विकली तरी जुन्या फवारण्यांची विचारणा होऊ शकते, त्यामुळे इथे प्रोटेक्टच बरे, आणि शेतकऱ्याच्या टेबलात 'चालू/बंद' असा एक साधा रकाना.