‘सुकियाकी’ : एका जपानी गाण्याच्या परक्या नावाची पार्श्वभूमी

‘उए ओ मुइते आरुको’ हे जपानी गाणे जपानबाहेर ‘सुकियाकी’ या नावाने ओळखले जाते आणि त्याच्या बहुतेक परभाषी आवृत्त्याही याच नावाने निघाल्या. मूळ नावाचा अर्थ ‘वर पाहत चालू या’ असा आहे. सुकियाकी हा मात्र गोमांसाचे पातळ काप सोया सॉस आणि साखर घालून लोखंडी भांड्यात शिजवण्याचा पदार्थ आहे. गाण्यात खाण्यापिण्याचा उल्लेख कोठेही नाही. ही गंमत अनेकांना माहीत असते. या नावामुळे पुढच्या आवृत्त्यांची दिशाच बदलली, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

गाण्याचे मूळ 1960 सालच्या टोकियोत आहे. अमेरिका-जपान सुरक्षा कराराच्या नूतनीकरणाविरुद्ध त्या वर्षी प्रचंड निदर्शने झाली, 15 जूनला संसदेच्या आवारातील झटापटीत एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि तरीही करार अमलात आला. गीतकाराने पुढे सांगितल्याप्रमाणे, निदर्शनाहून घरी परतताना आलेली पराभवाची भावना या ओळींच्या मुळाशी आहे. शब्दांत मात्र राजकारण नाही आणि प्रेयसीही नाही. डोळ्यांतले पाणी गळू नये म्हणून वर पाहत चालणारा एकटा माणूस, रात्र, आणि आठवणीतले वसंत, ग्रीष्म व शरदातले दिवस, एवढेच तेथे आहे. चालीचा मोठा भाग मध्यम आणि निषाद वगळलेल्या पाच स्वरांत फिरतो, त्यामुळे भूप राग कानात बसलेल्या श्रोत्याला ती पहिल्याच ऐकण्यात परकी वाटत नाही. 1961 मध्ये ते गायले, तेव्हा गायक अवघा एकोणीस वर्षांचा होता आणि अमेरिकी रॉक अँड रोल गाऊन तयार झालेला होता. त्याने अक्षरे तोडून, स्वर हिंदकळत ठेवून गायलेले ऐकताना गीतकार प्रथम चिडला होता, असे सांगितले जाते. पण हेलकाव्यांचा तो गळा आणि शेवटाकडची शीळ यांनीच गाणे भाषेपलीकडे पोहोचवले.

नावाचा निर्णय ब्रिटनमध्ये झाला. जपानच्या दौऱ्यावर गेलेल्या एका ब्रिटिश ध्वनिमुद्रण कंपनीच्या प्रमुखाने ही चाल ऐकली आणि परतल्यावर आपल्याकडच्या पारंपरिक जॅझ वाद्यवृंदाकडून तिची केवळ वाद्यांवरची आवृत्ती करवून घेतली. रेडिओच्या निवेदकांना मूळ नाव उच्चारता येणार नाही, म्हणून जपानी वाटणारा, छोटा आणि ओळखीचा शब्द निवडला गेला. 1963 च्या प्रारंभी ही तबकडी ब्रिटनमधील लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीत पहिल्या दहांत पोहोचली. व्यापाराच्या दृष्टीने निर्णय यशस्वी ठरला, हे नाकारता येत नाही. शिवाय वाद्यसंगीताला कोणतेही नाव चालून जाते, हा त्याच्या बाजूचा युक्तिवादही अगदीच पोकळ नाही. परंतु त्याच वर्षी अमेरिकेत मूळ गायकाचा, मूळ जपानी शब्दांचा आवाज बाजारात आणतानाही तेच नाव कायम ठेवले गेले, आणि येथे हा युक्तिवाद लागू पडत नाही. एका अमेरिकी साप्ताहिकाने तेव्हाच शेरा मारला होता, की हे म्हणजे गाजलेले अमेरिकी चित्रपटगीत जपानमध्ये ‘बीफ स्ट्यू’ या नावाने विकण्यासारखे आहे. आपल्याकडचे एखादे भावगीत परदेशात ‘पिठले’ म्हणून विकले गेले तर कसे वाटेल, एवढा विचार केला तरी तो शेरा पुरेसा समजतो.

अमेरिकेत हे गाणे वॉशिंग्टन राज्यातील पास्को या गावच्या एका रेडिओ निवेदकाने लावले, श्रोत्यांकडून मागणी येऊ लागली आणि मोठ्या कंपनीने तबकडी बाजारात आणली. 15 जून 1963 रोजी ते राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेले, म्हणजे संसदेच्या आवारातील त्या मृत्यूला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. आणि तेही ज्या देशाशी झालेल्या कराराविरुद्ध ती निदर्शने होती, त्याच देशात. तेथे ते तीन आठवडे टिकले. आशियाई भाषेतील दुसरे गाणे त्या स्थानी जायला 2020 साल उजाडले.

‘कव्हर’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, आणि या गाण्याबाबत तो फारच सैल पडतो. शब्द तेच ठेवून दुसऱ्या गळ्याने गाणे, चाल ठेवून शब्दांचे भाषांतर करणे आणि चालीवर सर्वस्वी नवे शब्द बसवणे, या तिन्ही गोष्टींना तोच शब्द लावला जातो. या गाण्याच्या इंग्रजी आवृत्त्या प्रामुख्याने तिसऱ्या प्रकारच्या आहेत. त्याचे एक कारण उघड आहे : नावातूनच अर्थ काढून टाकलेला असल्याने नव्या गीतकाराला बांधून ठेवणारे काही उरले नव्हते. 1966 च्या एका आवृत्तीत नावही बदलून विरहाची पहिली रात्र हा विषय झाला. त्याआधी, डिसेंबर 1965 मध्ये, अमेरिकेच्या जेमिनी-7 या अंतराळयानातील अंतराळवीरांना विरंगुळा म्हणून या चालीची वाद्यांवरची आवृत्ती ऐकवली गेली होती.

निर्णायक ठरली ती 1981 ची इंग्रजी आवृत्ती. एका अमेरिकी महिला-जोडीने गायलेली ही आवृत्ती राष्ट्रीय क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेली. नवे शब्द लिहिणाऱ्या गायिकेने मूळ ओळींचे अनेक अर्थ लागू शकतात हे पाहून त्यांपैकी सरलेल्या प्रेमाचा अर्थ निवडला. साथीला जपानी कोतो हे तंतुवाद्य होते. शब्दांतून गेलेला जपान असा सजावटीतून परत आला, हे मला थोडे खटकते. तरीही गायन विलक्षण कोमल आहे आणि नंतरचा वंशविस्तार याच शाखेचा आहे. 1985 च्या एका हिप-हॉप गाण्यात मधेच येणाऱ्या ओळी याच आवृत्तीच्या आहेत, आणि 1993 मध्ये त्या गाण्याचीही नवी आवृत्ती निघाली. 1989 मध्ये टेक्सासच्या एका तरुण गायिकेने गायलेले स्पॅनिश शब्द जपानीवरून नव्हे, तर या इंग्रजीवरून आलेले आहेत. पुढे चार तरुणांच्या गटाने वाद्यांविना गायलेली आवृत्ती 1995 मध्ये आठव्या स्थानावर पोहोचली, तीही याच शब्दांत.

मूळ गायक 12 ऑगस्ट 1985 रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेल्या विमानाच्या अपघातात गेला. त्या अपघातात 520 जण मृत्युमुखी पडले. तो 43 वर्षांचा होता. जपानमध्ये गाण्याचे मूळ नाव कधीच बदलले नाही. 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर एका पेय कंपनीच्या दूरचित्रवाणी जाहिरातींत अनेक कलावंतांनी त्याच्या ओळी आळीपाळीने गायल्या. गायकाच्या जन्मगावी, कावासाकीत, खासगी रेल्वेच्या स्थानकावर गाडी येताना ही चाल वाजते, शब्दांशिवाय.