शेतातला ओरखडा आणि बुबुळावरचं फूल

मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जातं, ऊस तोडताना पात डोळ्यावरून फिरते, धार काढताना जनावराची शेपटी फटकन लागते. पाणी येतं, थोडं खुपतं, आणि काम पुढे चालू राहतं. बहुतेकांचं दोन दिवसांत बरंही होतं. ज्यांचं होत नाही, त्यांच्या बुबुळावर आठवड्याभरात पांढरा ठिपका दिसू लागतो. महिन्या-दोन महिन्यांनी मागे राहतो तो गावात 'फूल पडलं' म्हणून ओळखला जाणारा पांढरा वण, आणि बऱ्याचदा त्या डोळ्याची गेलेली नजर. देशातल्या अंधत्वाच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांत मोतीबिंदू पहिला होता. पन्नाशीच्या आतल्या अंधांमध्ये मात्र सर्वांत मोठं कारण बुबुळाचं हे पांढरेपण निघालं, ३७.५ टक्के. म्हणजे कमावत्या वयातल्या माणसांचा आणि मुलांचा हा आजार आहे.

बोलण्यात आपण 'बुबुळ' म्हणतो तेव्हा काळा भाग डोळ्यासमोर असतो. त्यावर काचेसारखी पारदर्शक चकती असते, ती कॉर्निया. मधोमध तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच ती पारदर्शक राहते. पण याच कारणाने जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे उशिरा पोचतात. वरचं पाच-सात थरांचं पातळ आवरण शाबूत असेपर्यंत बहुतेक जंतूंना आत वाट मिळत नाही. ओरखडा म्हणजे त्या आवरणाला पडलेली फट. स्वच्छ ओरखडा एक ते तीन दिवसांत भरून येतो. पालापाचोळ्याने झालेल्या ओरखड्यातून मात्र मातीतली, सडक्या काडीवरची बुरशी थेट आतल्या थरात पेरली जाते.

हा रोग आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या काळ्या भागाचे चार रोग सांगितले आहेत. त्यातला 'सव्रण शुक्र' वाचताना आजचा कॉर्नियाचा अल्सरच डोळ्यासमोर येतो: खोलगट, सुईने टोचल्यासारखा दिसणारा, गरम पाणी गाळणारा, अतिशय दुखणारा. पुढे सांगितलेलं भाकीत तर आजही रुग्णाच्या नातेवाइकांना तसंच सांगता येईल. व्रण दृष्टीच्या जवळ नसेल, खोल नसेल, झरत नसेल, दुखत नसेल आणि जोडीने नसेल, तर 'कदाचित' बरा होतो. 'अव्रण शुक्र' हा वेगळा रोग मानला आहे. उघडी जखम आणि जखम नसलेला पांढरा डाग यांतला हा भेद उपचाराच्या दृष्टीने मोलाचा आहे, कारण औषधाला वाव असतो तो व्रण चालू असेपर्यंत.

युरोपात हा रोग शेतकऱ्यांचा म्हणूनच ओळखला गेला. कापणीच्या हंगामात बुबुळावर सरपटत पसरणारा व्रण जर्मन नेत्रवैद्य झेमिश यांनी १८७० मध्ये वर्णन केला. आतला पू बाहेर काढायला ते व्रणालाच चीर देत. यातल्या बऱ्याच व्रणांमागे न्यूमोकोकस हा जीवाणू असतो, हे १८९० च्या दशकात कळलं. त्याआधीच, १८७९ मध्ये, जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांच्याकडे एक शेतकरी आला होता. मळणीयंत्रातून उडालेलं ओटचं तूस त्याच्या डोळ्यात गेलं होतं. व्रणातल्या खरवडीत लेबरना ॲस्परजिलस ही बुरशी सापडली. बुरशीने डोळा सडू शकतो याची वैद्यकातली ही पहिली नोंद. तिच्यात जे होतं, म्हणजे शेतकरी, मळणी, तूस आणि बुरशी, ते आजही भारतातल्या कोणत्याही कॉर्निया विभागात रोज दिसतं.

ओरखडा साध्या डोळ्याला दिसत नाही, ही मोठी अडचण. ती सोडवली एका रंगाने. फ्लुओरेसिन १८७१ मध्ये ॲडॉल्फ फॉन बायर यांनी प्रयोगशाळेत तयार केलं. १८८२ मध्ये बुबुळाच्या आवरणाचे दोष पाहायला ते वापरलं गेलं. शाबूत आवरणावरून हा रंग वाहून जातो, फाटलेल्या जागी आत मुरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. पुढे वाईट गोष्ट लक्षात आली. बाटलीतल्या या द्रावणात स्यूडोमोनास हा जीवाणू सुखाने वाढतो. एका बाटलीतून अनेकांच्या डोळ्यांत थेंब जात, म्हणजे जखम शोधणारा थेंबच जखमेत बुबुळ वितळवणारा जंतू सोडत होता. १९५१ मध्ये किमुरा यांनी रंग सुकवलेली कागदी पट्टी सुचवली, आणि आज एका रुग्णाला एक निर्जंतुक पट्टी हाच नियम आहे. पट्टीवर सलाइनचा एक थेंब टाकायचा, जास्तीचं झटकायचं, खालची पापणी ओढून आतल्या लाल भागाला पट्टी टेकवायची, रुग्णाला दोन-तीनदा पापण्या मिटायला सांगायचं आणि निळा प्रकाश टाकायचा. बुबुळावर उभ्या समांतर रेघा चमकल्या तर वरची पापणी उलटलीच पाहिजे. कुसळ तिथे आतून चिकटलेलं असतं आणि प्रत्येक उघडझापीला ओरखडतं. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग 'मलम घालूनही खुपतंय' म्हणून रुग्ण परत येतो. रंग एखाद्या ठिकाणाहून ओहोळासारखा पातळ होत वाहताना दिसला, तर बुबुळाला आरपार भोक आहे. मग डोळ्यावर अजिबात दाब न देता, कडक कवच लावून, रुग्ण लगेच पुढे पाठवायचा.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बुरशीचा अल्सर दुर्मीळ गणला जाई. १९५० नंतर कॉर्टिसोन आणि त्याच्या भाऊबंदांचे, म्हणजे स्टेरॉइडचे, थेंब डोळ्यासाठी आले आणि अशा अल्सरच्या नोंदी वाढत गेल्या. स्टेरॉइड लालीवर जादूसारखं काम करतं, आणि धोका नेमका तिथेच आहे. लाली आणि वेदना ही शरीराची लढाई असते. स्टेरॉइड ती थांबवतं, बुरशीला मोकळं रान मिळतं. रुग्णाला दोन-तीन दिवस बरं वाटतं, तोवर बुरशी खोल गेलेली असते. दुकानात 'डोळा लाल झालाय' एवढं सांगून मिळणाऱ्या थेंबांत प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले बरेच असतात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही तीन नावं बाटलीवर वाचता आली तरी बरेच डोळे वाचतील. दुसरी चूक सुन्न करणाऱ्या थेंबांची. तपासताना टाकलेल्या थेंबाने क्षणात आराम पडतो, म्हणून रुग्ण तोच घरी मागतो. तो वारंवार टाकला की आवरण भरून येणंच थांबतं. तिसरी चूक घट्ट पट्टीची. पालापाचोळ्याच्या जखमेवर पट्टी बांधली की आत ऊब आणि ओल कोंडते. आणि घरगुती उपाय, म्हणजे दूध, पाल्याचा रस, जिभेने कचरा काढणं, हे मायेपोटी होतात, पण उघड्या जखमेत नवे जंतू नेतात.

बुरशीवरचं औषध मिळालं ते मातीतूनच. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९५५ मध्ये नॅटामायसिन वेगळं केलं गेलं. १९७८ मध्ये अमेरिकेत ५ टक्क्यांचे थेंब डोळ्यासाठी मंजूर झाले. ते विरघळत नाही, बाटलीत पांढरा साका बसतो, म्हणून प्रत्येक वेळी जोरात हलवावं लागतं. न हलवता टाकलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. बुबुळात ते खोल शिरत नाही, त्यामुळे डॉक्टर व्रणावरचं मेलेलं आवरण अधूनमधून खरवडून काढतात. सुरुवातीला जागेपणी दर तासाला एक थेंब, आणि उपचार तीन आठवडे किंवा त्याहून जास्त. बुरशी हळू वाढते आणि हळूच मरते. पाचव्या दिवशी फरक दिसत नाही म्हणून डॉक्टर बदलणारे रुग्ण इथेच फसतात, कारण नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

नवीन औषध नेहमीच सरस असतं असंही नाही. व्होरिकोनाझोल आत चांगलं शिरतं, म्हणून तेच वापरावं असा सूर होता. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने अमेरिकी संशोधकांसोबत ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना केली. २०१३ मध्ये निकाल आला: जुनं नॅटामायसिन सरस. फ्युसॅरियम या बुरशीच्या रुग्णांत तर दृष्टीचा फरक तक्त्यावरच्या सुमारे चार ओळींचा होता. गंभीर अल्सरमध्ये व्होरिकोनाझोलच्या गोळ्या जोडूनही बुबुळाला भोक पडणं कमी झालं नाही, हे पुढच्या चाचणीत कळलं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नॅटामायसिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. भारतीय शेतमजुरांच्या डोळ्यांवर झालेल्या कामाने जगभरचा उपचार ठरला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

बुरशी की जीवाणू, हे नुसतं पाहून ठरवणं धोक्याचं असतं. पिसासारख्या कडा, कोरडा उंच पृष्ठभाग आणि मुख्य व्रणाभोवती लहान ठिपके बुरशीकडे बोट दाखवतात, पण खात्री खरवडीतूनच होते. सुन्न करणारा थेंब टाकून व्रणाची कड आणि तळ खरवडायचा. काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशीचे धागे काही मिनिटांत दिसतात. खर्च नगण्य आहे. जिल्ह्याच्या पातळीवर सूक्ष्मदर्शक असतो, काचपट्टी असते, तरीही अंदाजाने औषध सुरू होतं, हे खटकतं.

ही तपासणी का हवी, ते मदुराईच्या आकड्यांत आहे. १९९४ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत तिथे अल्सरचे ४३४ रुग्ण आले. त्यातल्या ६५ टक्क्यांना आधी डोळ्याला मार लागला होता. २९७ जणांत जंतू वाढवून ओळखता आला: १४० मध्ये फक्त जीवाणू, १३९ मध्ये फक्त बुरशी, १५ मध्ये दोन्ही आणि ३ मध्ये अकँथअमिबा हा माती-पाण्यातला एकपेशी जीव. म्हणजे जवळजवळ निम्मे-निम्मे. नाणं उडवून औषध ठरवण्यासारखंच झालं. वर्षाला लाखामागे ११३ जणांना अल्सर, हा मदुराई जिल्ह्याचा अंदाज होता. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीत तो ११ होता.

रुग्ण कोण आहे यावर आधी कशाचा संशय घ्यायचा हे बदलतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या शहरी तरुणात स्यूडोमोनास आणि नळाच्या पाण्यातून आलेला अकँथअमिबा. हा अमिबा पाश्चात्त्य देशांत लेन्सचा रोग म्हणून गाजला. आपल्याकडे तो बहुधा गढूळ पाणी किंवा माती डोळ्यात गेलेल्यांना होतो, त्यामुळे 'लेन्स नाही, म्हणजे अमिबा नाही' हा निष्कर्ष इथे चुकतो. वयस्कर माणसाच्या नाकाजवळचा कोपरा दाबल्यावर पू आला, तर जंतूचं कोठार अश्रुपिशवीत आहे. तिचा बंदोबस्त केल्याशिवाय अल्सर हटत नाही. कुपोषित मुलात, विशेषतः गोवरानंतर, मार न लागताच दोन्ही बुबुळं मऊ पडू शकतात. ते अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतं. भारतात १९७० पासून मुलांना या जीवनसत्त्वाचा डोस दिला जातो, आणि हा प्रकार आता पूर्वीइतका दिसत नाही.

आता मूळ प्रश्न: ओरखड्याचा अल्सर होऊच द्यायचा नाही, हे जमतं का? नेपाळच्या भक्तपूरमध्ये मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी ३४,९०२ लोकवस्तीत गावातल्याच कार्यकर्त्यांना निळा प्रकाश, फ्लुओरेसिनची पट्टी आणि क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचं १ टक्का मलम दिलं. ओरखडा दिसला की दिवसातून तीनदा, तीन दिवस मलम. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: मार लागल्यापासून १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही अल्सर झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी ४ जणांना झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी १४ जणांना. सकाळी पात लागली आणि माणूस संध्याकाळपर्यंत आला तर डोळा वाचतो, परवा आला तर जवळपास तिनातला एक अडकतो. इतका स्वच्छ फरक वैद्यकात क्वचित दिसतो.

मदुराईजवळच्या गावांत पुढचा प्रश्न विचारला गेला: बुरशीचा एवढा धोका असेल तर मलमात बुरशीविरोधी औषधही हवं का? एका गटाला क्लोरॅम्फेनिकॉलसोबत क्लोट्रिमाझोल दिलं, दुसऱ्याला नुसतं क्लोरॅम्फेनिकॉल. २००६ मध्ये आलेला निकाल दोन्हीकडे सारखाच चांगला होता. आवरण वेळेत मिटलं की बुरशीलाही आत जायला वाट उरत नाही, हे त्याचं पटणारं स्पष्टीकरण.

पण २०२२ चा निकालही सांगायला हवा. नेपाळमध्येच २४ भागांपैकी निम्म्यांत गावच्या स्वयंसेविकांमार्फत मलम देण्याची सोय केली, निम्म्यांत नाही. अल्सरचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं. हे भक्तपूरच्या विरोधात वाटतं, पण दोन्ही ठिकाणी मोजलं वेगळं होतं. भक्तपूरचे आकडे मलम घ्यायला आलेल्यांचे होते. नंतरच्या चाचणीत न आलेलेही मोजले गेले. मलम काम करतं, पण ते आहे म्हणून माणूस कामाचा दिवस मोडून येतो असं नाही. उचल घेऊन उसाच्या फडावर आलेल्या जोडप्याला टोळी सोडून गावात जाणं परवडत नाही, आणि फड दर काही दिवसांनी हलतो. हंगामात मलम, पट्टी आणि निळी टॉर्च फडावरच्या कोपीपर्यंत नेणं, मुकादमाला 'त्याच दिवशी' हे दोन शब्द पटवणं, हे काम दवाखान्यात बसून होणार नाही. संरक्षक चष्म्याचंही तसंच. तो सुचवणं सोपं, पण घाम आणि वाफेने काच धुरकटली की कोयता चालवणारा तो काढूनच ठेवतो. बाजूने हवा खेळणारी, कान न दुखवणारी, धुता येणारी फ्रेम मिळाली तरच तो टिकतो.

मलम देणाऱ्याने ट्यूब उघडण्याआधी एक गोष्ट पाहायची असते. टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला, तर तो ओरखडा राहिलेला नाही. त्याला मलम घालून घरी पाठवायचं नाही. पट्टी न बांधता, आधी टाकलेल्या थेंबांच्या बाटल्या सोबत देऊन, त्याच दिवशी खरवड तपासणाऱ्या नेत्रविभागात पाठवायचं.