हलत नाही म्हणजे जंतू गरीब? अजिबात नाही

सिन्नर-निफाडकडं पोल्ट्रीवाले सांगतात की लॅब रिपोर्टवर ‘नॉन मोटाईल’ (न हलणारा) आलं म्हणजे जंतू पांगळा, टेन्शन नाही. अहो, कोंबड्यांना टायफॉईड करणारा साल्मोनेला गॅलिनेरम हलतच नाही, तरी शेडच्या शेड रिकामी करतो! जंतू हलतो का बघायची ती टेस्ट जात ओळखायला असते. त्याच्या भावकीतल्या एन्टेरिटिडिसला हलायला शेपट्या असतात, पण त्यासुद्धा कायम चालू नसतात, एफएलएचडीसी नावाची जीन्सची जोडी म्हणजे मेन स्विच, ती दबली की शेपटीची पुढची सगळी जीन्स बंद, आणि यात फायदा जंतूचाच, कारण शेपटीतलं फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन कोंबडीच्या पेशी टीएलआर ५ नं, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या आपल्या सेन्सरनं, लगेच ओळखतात. गॅलिनेरमला शेपटीच नाही, म्हणून आतड्यात बोंबाबोंब कमी, हा गडी पांढऱ्या पेशींत बसून थेट लिव्हर-प्लीहेत, मग हिरवट-पिवळी हगवण आणि मरतूक सुरू.