गर्दीत गवा का मरतो?

उसाच्या फडात गवा दिसला की कोल्हापूरच्या आसपास बातमी लपत नाही. अर्ध्या तासात पाणंदीत दुचाक्या लागतात, बांधावर माणसं चढतात, कुणी आरोळ्या ठोकतं, कुणी मोबाईल उंच धरतं. त्या घडीपासून जनावराच्या अंगात जे सुरू होतं ते बाहेरून दिसत नाही. वन्यजीवांसाठी काही करायची इच्छा असलेल्या प्रत्येक तरुण मंडळानं ते समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

तालमीतलं उदाहरण घेऊ. दम निघेपर्यंत बैठका मारल्या की मांड्या पेटतात. स्नायूंना लागतो तेवढा प्राणवायू रक्तातून पोहोचत नाही, मग ते त्याच्याविनाच साखर जाळतात आणि आम्लता वाढत जाते. पैलवान थांबतो, दम खातो, अंग निवतं. पण एखाद्या नवख्या पोरानं ईर्षेनं पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्या, तर क्वचित स्नायूंच्या पेशीच फुटतात. लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडं वाचवायला दवाखान्यात सलाईन लावावं लागतं.

गव्याला थांबू कोण देतं? पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या घरात जातो. एवढा देह थोडं पळून झाडीत नाहीसा होण्यासाठी घडला आहे, तासन्‌तास धावण्यासाठी नाही. गावात झाडी नसते, आणि वळेल तिकडे माणसं. भीतीनं ॲड्रेनलिन उसळतं, अंग तापतं, आणि देह मोठा असल्यानं ती उष्णता लवकर बाहेर पडत नाही. फुटलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाची लय बिघडवतं. मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. पशुवैद्यक याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. काही जनावरं जागीच कोसळतात, काही सुखरूप सोडल्यावर दोन-चार दिवसांनी जंगलात मरतात. ते मरण कुणाच्या मोबाईलमध्ये येत नाही.

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला आलेला गवा आठवा. लोक मागे लागले, तो घाबरून धावत राहिला, अखेर त्याला पकडलं आणि थोड्याच वेळात तो गेला.

‘भुलीचं इंजेक्शन द्या की’ असं गर्दीतून हमखास ऐकू येतं. बिथरलेल्या जनावराला औषध उशिरा चढतं, जास्त लागतं, आणि तोवर ते आणखी पळतं. त्यात गवा रवंथ करणारा. बेशुद्धीत आडवा पडला की ढेकर बंद होते, पोट फुगून छातीवर दाब येतो, वर आलेलं अन्न श्वासनलिकेत शिरू शकतं. गाय-म्हैस फुगल्यावर घरात केवढी धावपळ होते, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

हे गवे परके नाहीत. शाहू महाराजांच्या काळातलं दाजीपूरचं शिकारी जंगल १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. आज राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. पण गवताच्या जागी रानमोडीचं तण पसरतं आणि जंगलाच्या कडेपासून ऊस सुरू होतो. गव्यासाठी ऊसही गवतच, तेही गोड आणि बारमाही. पीक तुडवलं गेलेल्या शेतकऱ्याचा राग खरा आहे, आणि धोकाही खरा आहे: डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा भुयेवाडीच्या एका तरुणाचा जीव गेला.

आसामात काझीरंगाला दरवर्षी पूर येतो आणि गेंडे, हरणं, हत्ती महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे सरकतात. तिथं वाहनांना वेळ नोंदवलेलं कार्ड देतात, म्हणजे कुणी सुसाट गेलं की पुढच्या नाक्यावर सापडतं. वनरक्षकांच्या जोडीला स्वयंसेवक उभे राहतात. त्यांचं काम माणसांना आवरण्याचं; गेंड्याला कुणी हात लावत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं मोजकेच गेंडे उरले होते, २०२२ च्या गणनेत २,६१३ भरले. त्यामागं कायदा आहे, बंदूकधारी पहारा आहे, आणि ही शांत उभी राहणारी माणसंही आहेत.

कोल्हापूरला ही शिस्त नवी नाही. २०१९ च्या महापुरात इथल्या पोरांनी रस्ते अडवले, बोटी ओढल्या, लोकांना मागे रेटलं. गवा आला तेव्हाही तसंच लागतं. १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करायचा. जनावर कुठल्या बाजूनं आलं ते बघून ती बाजू पूर्ण मोकळी ठेवायची. उरलेल्या पाणंदींच्या तोंडाशी दोघं-दोघं, बऱ्याच लांब. ट्रॅक्टर बंद, फटाके नाहीत, बॅटरीचा झोत डोळ्यांवर नाही, कुत्री बांधलेली. कुणाच्या स्टेटसला फडाचं नाव जाऊ द्यायचं नाही. हे दिवसभर करायचं, कारण गवा बहुधा उजेडात हलत नाही. अंधार पडला, शिवार निपचित झालं की उसाची पानं सळसळतात, आणि तो आल्या वाटेनं डोंगराकडे लागतो.