जुन्या दुनळीचे घोडे आणि दोन हत्यारांची मर्यादा

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. मूळ प्रस्ताव तर एकाच बंदुकीचा होता. विरोध झाला म्हणून आकडा दोनवर आला. वारशाने आलेली बंदूकही याच दोनांत धरली गेली, आणि खरा घात तिथे झाला. निफाड-सिन्नरकडच्या मळ्यात राखणीला चालती बंदूक हवी असते. पणजोबांची घोड्यांची दुनळी, म्हणजे बार उडवायला ठोका देणारे घोडे बाहेर दिसतात अशी दोन नळ्यांची बंदूक, कोणी वापरत नाही, त्यामुळे जादा हत्यार जमा करायची वेळ आली की साहजिकच तीच घराबाहेर पडते. वारशाच्या हत्यारांची वेगळी नोंद करून त्यांना सूट देता आली असती. ती दिली नाही, हे चुकलंच.

अशी दुनळी नुसती गंजकी वाटत असेल, तर तिचे घोडे एकदा उजेडात न्यावेत.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी असे. १८०७ च्या पेटंटनंतर ठिणगीची जागा स्फोटक पुडीने आणि पुढे तांब्याच्या टोपीने घेतली. घोड्याचं तोंड पोकळ झालं ते फुटलेल्या टोपीचे तुकडे डोळ्यात उडू नयेत म्हणून. याच काळात कारागिरांनी काही घोड्यांना डॉल्फिनचं तोंड दिलं. मग पिनचं काडतूस आलं. त्याची पिन नळीतून वर डोकावायची, म्हणून घोडा उंच आणि चपट्या तोंडाचा. बुडाच्या मध्यावर ठोका घेणाऱ्या सेंटरफायर काडतुसाबरोबर घोडा खाली बसत गेला, शेवटी पार नेमाच्या रेषेखाली. ठोका देऊन आपोआप मागे सरणाऱ्या घोड्याचं पेटंट १८६७ चं. त्याआधी बंदूक उघडायची तर घोडा हाताने अर्धा ओढून घ्यावा लागे.

घोड्यांवर नक्षी आधी कोरायची, मग हाडं-चामड्याच्या कोळशात लोखंड लाल तापवून पाण्यात विझवायचं. वरचा थर कडक होई आणि त्यावर निळ्या-तपकिरी रंगांचे ढग उमटत. आपल्या भांडी बाजारात नाव घालणारे ठोक्याठोक्याने ठिपके पाडतात. इथे धातूच धाग्यासारखा काढून पानाफुलांची वळणं कोरलेली असतात. मागच्या शेपटीवर चौकटीच्या बारीक रेघा, ओला अंगठा निसटू नये म्हणून. हे घोडे पितळेसारखे घासून चकचकीत केले की आधी रंग जातो, मग रेघा.

१८७५ मध्ये बर्मिंगहॅमला घोडा आत लपवणारी सुटसुटीत रचना निघाली. तरी घोड्यांच्या बंदुका बनत राहिल्या, कारण घोडा ओढलेला आहे की नाही हे नुसतं बघून कळतं. ब्रिटनचा एक राजा तर विसाव्या शतकातही घोड्यांच्या बंदुकांनीच शिकार करायचा. इकडे १८७८ मध्ये परवान्याचा कायदा आला. युरोपियनांना त्यातून सूट, आपल्या लोकांना सक्ती. म्हणून जुन्या दुनळीबरोबरचे जुने परवानेही जपायला हवेत.

१९५९ च्या कायद्यात पुरातन हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांनाच. घोडा काढून पेटीत ठेवला म्हणजे सुटलो, असं नाही. नवा घोडा बसवता येतो. बंदूक जमा करावीच लागली, तर आधी दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढा. डावा-उजवा घोडा ही आरशातली जोडी असते. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिच्यावरच्या वेलीची कोरणी आणि घोड्यावरची कोरणी वेगळ्या हाताची दिसली, तर तो घोडा मागाहून बदललेला असण्याची शक्यता दाट.