पार्श्वभूमी : मनगटाचं दुखणं आणि ‘काम’ कशाला म्हणायचं याचा वाद

रात्री दोन-अडीचला हात बधिर होऊन जाग येते. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येतात, हात झटकला की थोडं बरं वाटतं. कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात नस दबण्याची, ही तक्रार आता घरोघरी ठाऊक आहे आणि खापर बहुतेक वेळा कीबोर्डवर किंवा मोबाइलवर फुटतं. अशा खापरफोडीची सवय कीबोर्डहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कारकुनांचे हात आखडू लागले तेव्हा नव्या पोलादी निबांना दोष दिला गेला. पुढे तारायंत्र आलं, आणि १९०८ मध्ये ब्रिटनने तारबाबूंच्या हाताचा पेटका भरपाई मिळणाऱ्या आजारांत घातला.

मनगटात नस दबते हे लंडनच्या एका सर्जनने १८५४ मध्येच नोंदवलं होतं, पण त्यावरची शस्त्रक्रिया रुळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं. १९५० नंतर ज्या अमेरिकन सर्जनमुळे हा आजार डॉक्टरांच्या ओळखीचा झाला, त्याची तपासणी आजही ओपीडीत होते: दोन्ही मनगटं वाकवून मिनिटभर धरायची आणि मुंग्या येतात का ते पाहायचं. त्याचा एक निष्कर्ष मात्र मला अजून खटकतो. त्याच्याकडे येणाऱ्या रुग्ण बहुतांशी मध्यमवयीन बायका होत्या. बायका अंगमेहनत फारशी करत नाहीत, म्हणून हा आजार कामामुळे होत नसावा, असं त्याने मांडलं.

ओली चादर पिळताना हाताकडे नीट पाहा. मुठी आवळलेल्या असतात, दोन्ही मनगटं उलट दिशांना वळतात आणि सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी येतो. त्याच जागेच्या दुखण्याचं वर्णन एका स्विस सर्जनने १८९५ मध्ये केलं होतं, आणि इंग्रजीत त्याला धोबिणीची लचक म्हणत. म्हणजे पैसे घेऊन कपडे धुणारीचं मनगट दुखलं तर ते धंद्याचं, आणि घरचे कपडे धुणारीचं दुखलं तर वयाचं! गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह यांनीही नस दबते, तेव्हा तो सर्जन पूर्ण चुकला होता असं नाही. पण घरकाम त्याने हिशेबातच धरलं नाही, आणि पुढचे वाद त्याच चाकोरीतून गेले.

१९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टायपिस्ट आणि टेलिफोन कर्मचाऱ्यांच्या तक्रारींची लाट आली. ‘आरएसआय’ हे नाव तेव्हा गाजलं. सतत त्याच हालचालीने होणारी इजा, असा त्याचा अर्थ. घोळ या नावातच होता. त्यात कारण आधीच ठरलेलं, आणि दुखणं नेमकं कुठलं हे मात्र मोघम. म्हणून १९८७ मध्ये तिथे एका कर्मचारी महिलेचा दावा फेटाळला गेला, आणि १९९३ मध्ये लंडनच्या न्यायाधीशाने एका पत्रकाराच्या खटल्यात या शब्दाला वैद्यकशास्त्रात जागाच नाही असं म्हटलं. शब्द पडला, पण दुखणं तिथेच राहिलं.

२०१० च्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक आजारांच्या यादीत कार्पल टनेल आणि अंगठ्याच्या मुळाची सूज, दोन्ही आहेत. कारणं दिली आहेत ती पुन्हा पुन्हा जोर लावणं आणि मनगट फार वाकवणं ही. कार्पल टनेलसाठी हादरणारी यंत्रंही त्यात आहेत. कीबोर्डचं नाव नाही. नंतरच्या अभ्यासांतही टायपिंगचा संबंध लोकांना वाटतो तेवढा पक्का निघालेला नाही.

उपचार वादाइतके गुंतागुंतीचे नाहीत. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, मग स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि तरीही बधिरपणा राहिला किंवा अंगठ्याचा उंचवटा सुकू लागला तर नसेवरचं जाड बंधन कापणं. तेवढाच भाग बधिर करून हे काही मिनिटांत होतं. टाके निघेपर्यंत, साधारण दहा ते चौदा दिवस, हात कोरडा ठेवायचा, आणि पिळणं, जड उचलणं त्यानंतरही काही आठवडे बंद. नोकरी करणाऱ्याला त्यासाठी रजेचा अर्ज देता येतो.